बीडलच्या पाच गोष्टी आणि वाचकांचा रुसवा

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग सारोळ्यापाशी नीरा नदी ओलांडतो आणि तेथे पुणे जिल्हा संपतो. नदीवरचा पूल आला की एस.टी.तील एखादा वयस्क प्रवासी हात जोडतो, कोणी खिडकीतून नाणे पाण्यात टाकतो. नदीने सुखरूप पलीकडे जाऊ दिले, त्याचा हा मान. नदी ओलांडणे म्हणजे एका अदृश्य शक्तीशी व्यवहार करणे, ही जाणीव आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही.

जे. के. रोलिंग यांच्या ‘द टेल्स ऑफ बीडल द बार्ड’ या छोटेखानी पुस्तकातील सर्वांत गाजलेली गोष्ट नेमकी अशाच ठिकाणी घडते. तीन भाऊ, एक जीवघेणी नदी, जादूने उभारलेला पूल आणि पुलाच्या मध्यावर वाट अडवून उभा असलेला मृत्यू. फरक इतकाच की येथे प्रवासी मृत्यूला काही देत नाहीत. हक्काची शिकार हुकल्याने चिडलेला मृत्यूच वरकरणी कौतुक करीत त्यांना एकेक भेट देऊ करतो. थोरला अजिंक्य छडी मागतो, मधला मेलेल्यांना परत आणणारा खडा मागतो आणि धाकटा, मृत्यूला आपला माग काढता येऊ नये, एवढेच मागतो. पहिल्या दोघांचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

हे पुस्तक आले कसे आणि त्यावर हॅरी पॉटरचे चाहते आधी रुसले का, हे समजून घेण्यासारखे आहे. मालिकेचा सातवा आणि शेवटचा भाग 21 जुलै 2007 रोजी प्रसिद्ध झाला. त्यात डम्बलडोर हे दिवंगत मुख्याध्यापक हर्मायनीला बाळगोष्टींचे एक जुने पुस्तक ठेवून जातात. त्यातील तीन भावांची गोष्ट कादंबरीत पूर्ण येते, बाकीच्या गोष्टींचा केवळ उल्लेख. मालिका संपल्याची हुरहुर मनात असलेल्या वाचकांना त्या ‘बाकीच्या’ गोष्टींची ओढ लागणे स्वाभाविक होते. रोलिंग यांनी त्या लिहिल्या खऱ्या, परंतु स्वतःच्या हस्ताक्षरात आणि फक्त सात प्रतींमध्ये. चामड्याची बांधणी, त्यावर चांदीचे काम आणि जडवलेले खडे. सहा प्रती मालिकेच्या घडणीत वाटा असलेल्यांना भेट गेल्या. सातवी, चंद्रकांत खड्यांनी सजवलेली प्रत 13 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये सोदबीच्या लिलावात निघाली आणि अॅमेझॉन कंपनीने ती 19 लाख 50 हजार पौंडांना घेतली. त्या वेळच्या दराने ही रक्कम पंधरा कोटी रुपयांहून अधिक होते.

पैसा सत्कारणी लागला, याविषयी दुमत नव्हते. युरोपातील संस्थांमध्ये खितपत पडलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या, रोलिंग यांनीच सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या न्यासाला तो मिळाला. 2010 पासून हा न्यास ‘लुमॉस’ या नावाने ओळखला जातो. तरीही चाहत्यांची तक्रार वाजवी होती. दहा वर्षे ज्यांनी रांगा लावून पुस्तके घेतली, त्यांना शेवटची गोष्ट काचेआडची वस्तू म्हणून दाखवली जात होती. अॅमेझॉनने प्रतीची छायाचित्रे आणि गोष्टींचे सारांश प्रसिद्ध केले, त्याने तहान भागण्याऐवजी वाढली. पंगतीत बसवून केवळ पानांचा वास द्यावा, तसा हा प्रकार. अखेर 4 डिसेंबर 2008 रोजी सर्वांसाठी आवृत्ती निघाली आणि तिचेही उत्पन्न त्याच कार्याला गेले.

पुस्तक हाती आल्यावर मात्र प्रतिक्रिया दुभंगल्या. पाचच गोष्टी, जेमतेम शंभर पाने आणि त्यातील एक गोष्ट आधीच वाचलेली. हॅरी कोठेच नाही. ज्यांना आठव्या भागाची आशा होती, त्यांची निराशा झाली आणि ती लपवण्याचे त्यांना कारणही नव्हते. दुसऱ्या गटाला या पुस्तकात वेगळेच घबाड सापडले. प्रत्येक गोष्टीनंतर डम्बलडोर यांची टिपणे आहेत. सहाव्या भागात गमावलेला तो मिश्कील, विद्वान आवाज पुन्हा ऐकू येतो. गोष्टींपेक्षा टिपणेच सरस, असे म्हणणारे वाचक थोडे नव्हते आणि प्रस्तुत लेखकाचे मतही त्याच बाजूचे आहे.

गोष्ट आणि तिच्यावरचे भाष्य एकाच पुस्तकात बांधण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत वेगळे काढून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात आधी स्वामींचे सूत्र, मग त्यांनी सांगितलेली गोष्ट आणि शेवटी केसोबासांनी उलगडलेला अर्थ, म्हणजे दार्ष्टांतिक. जन्मांध आणि हत्ती ही सर्वश्रुत गोष्ट त्यात आहे. एका मोठ्या चरित्रकथेतून निघालेला छोट्या गोष्टींचा जोडग्रंथ, ही कल्पना आपल्या भाषेच्या आरंभकाळातच सापडते. एक भेद मात्र मोठा आहे. केसोबासांना अर्थ लपवायचा नाही. डम्बलडोर मात्र लपवतात.

चाहत्यांनी जो खरा आनंद लुटला, तो ही लपवाछपवी पकडण्याचा. मृत्यूला चकवण्याचे मानवी प्रयत्न निष्फळ ठरतात, असे डम्बलडोर तीन भावांच्या गोष्टीवर लिहितात. अजिंक्य छडीच्या दंतकथेविषयी ते अलिप्त अभ्यासकाच्या सुरात बोलतात. वास्तविक ती छडी त्या क्षणी त्यांच्याच हातात असते. टिपणे त्यांच्या मृत्यूच्या सुमारे दीड वर्ष आधीची आहेत, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. हा हिशेब मांडला की आणखी एक गोष्ट दिसते. ही टिपणे लिहून झाल्यावर काही महिन्यांतच दुसऱ्या भावाचा खडा त्यांना सापडतो, गेलेल्या माणसांना भेटण्याचा मोह त्यांना आवरत नाही आणि त्या मोहाचा शाप त्यांच्या जिवावर उठतो. बोध लिहून ठेवणाऱ्यालाच तो पाळता आला नाही. बाळगोष्टींच्या पुस्तकात एवढे कारुण्य दडलेले असेल, असे पहिल्या वाचनात वाटत नाही.

तिसरी गोष्ट, केसाळ हृदयाच्या मांत्रिकाची, पालकांना खटकली. प्रेमाची दुर्बलता नको म्हणून तो आपले हृदय काढून पेटीत ठेवतो. शेवट रक्तरंजित होतो. मुलांना हे का सांगावे, हा प्रश्न रास्त आहे, परंतु चिलया बाळाची कहाणी ऐकत वाढलेल्या समाजाने तो विचारताना थोडे थांबावे. अतिथीच्या हट्टापायी राणी चांगुणा पोटच्या पोराचे मस्तक उखळात कांडते, हे ऐकताना आपल्या आज्या-पणज्यांच्या मांडीवरची मुले बिचकली असतील, पण पुढच्या श्रावणात तीच कहाणी पुन्हा मागत होती. आपली कहाणी शेवटी बाळ परत देते आणि सुफळ संपूर्ण होते, रोलिंग मात्र काहीच परत देत नाहीत. गोष्टींतील भयानक भाग गाळून त्या गुळचट करणाऱ्या एका बाईंची डम्बलडोर यांनी टिपणांत यथेच्छ थट्टा केली आहे, ती बालसाहित्याच्या संपादकांनी जरूर वाचावी.

मूळ कादंबरीतील एक छोटा प्रसंग या संदर्भात महत्त्वाचा आहे. बीडलच्या गोष्टी हॅरी आणि हर्मायनीला ठाऊक नाहीत, याचे रॉनला नवल वाटते. जादूगारांच्या घरात त्या प्रत्येक मूल ऐकते. उलट सिंड्रेलाचे नाव ऐकून तो गोंधळतो. हुशार हर्मायनीला शाळेतील सर्व पुस्तके पाठ आहेत, पण घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तिला पुस्तकातून, लिपी उलगडून मिळवाव्या लागतात. पुण्या-मुंबईच्या ज्या मुलांनी हॅरी पॉटर इंग्रजीत किंवा ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून मराठीत वाचला, त्यांतील कित्येकांची आपल्या कहाण्यांच्या बाबतीत हीच स्थिती आहे. त्यांना बीडल माहीत असतो, चांगुणा नसते. दोष मुलांचा नाही. सारोळ्याच्या पुलापलीकडे किंवा अलीकडे राहणारी आजी आणि शहरातील नातवंड यांची भेट आता सुट्टीपुरती उरली, हे त्याचे साधे कारण.

चाहत्यांचे तर्क अद्याप थांबलेले नाहीत. तीन भाऊ म्हणजे व्होल्डेमॉर्ट, स्नेप आणि हॅरी, आणि त्यांना गाठणारा मृत्यू म्हणजे खुद्द डम्बलडोर, ही मांडणी सर्वाधिक लोकप्रिय झाली. सत्तेपायी मेलेला, हरवलेल्या प्रेमापायी मेलेला आणि मृत्यूला जुन्या मित्रासारखा सामोरा गेलेला. ही मांडणी सुंदर असून चपखल बसते, अशी पावती 2015 मध्ये रोलिंग यांनीच दिली.

2010 च्या चित्रपटात ही गोष्ट बेन हिबॉन यांनी छायाबाहुल्यांच्या धाटणीने पडद्यावर आणली. फिकट उजेडावर सरकणाऱ्या त्या काळ्या, काटकुळ्या आकृत्या पाहून अनेकांना तो चित्रपटाचा सर्वोत्तम भाग वाटला. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवत रामायण-महाभारतातील प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तीन भावांची गोष्ट त्या पडद्यावर कशी दिसेल, हे पाहण्याची इच्छा असणारे चाहते कोकणात नक्कीच असतील.