ठरावाच्या वहीत काय लिहायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीची सभा होते. निदान व्हायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती सक्तीची केली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधलाच आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव. रोजंदारीवर जाणाऱ्या आईला कारभाराच्या खुर्चीवर हक्काने बसवणाऱ्या समित्या आपल्याकडे फार नाहीत. तरीही कित्येक गावांत सभेची वही एखाद्या पोराच्या हाती घरोघर फिरते, सह्या होऊन परत येते आणि सभा पार पडल्याची नोंद होते.

मी शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून ज्या समितीत बसते, ती सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका गावातली. शाळा चौथीपर्यंतची, द्विशिक्षकी, पट चाळीसच्या आसपास. इथे सभा खरोखर होते, ती बायकांमुळे. त्यांनी वेळ बदलून घेतली. दुपारी शेतातून येता येत नाही, म्हणून सकाळी शाळा भरायच्या आधी.

सभेत बोलणं पुष्कळ होतं, पण त्यातलं इतिवृत्तात काय उतरतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पावसाच्या तोंडावर पश्चिमेकडच्या खोलीची भिंत ओल धरून फुगली होती आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. गुरुजींनी नेहमीच्या सवयीने लिहिलं, ‘इमारतीची दुरुस्ती होणे आवश्यक असून योग्य ती कार्यवाही व्हावी.’ त्यांनी ते वाचून दाखवलं, तशी तिसरीतल्या एका मुलाची आई म्हणाली, “गुरुजी, यात कुठली खोली ते कुठं आलंय? आणि तोवर पोरं बसायची कुठं?”

गुरुजींनी ते खोडलं आणि नव्याने लिहिलं. खोलीचा क्रमांक आला, तडा कोणत्या भिंतीला ते आलं, फोटो जोडल्याचं आलं. आजपासून या खोलीत विद्यार्थी बसवू नयेत, तिसरी-चौथी समाजमंदिरात भरवावी, खोलीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. सूचक ती आई, अनुमोदक अध्यक्ष. सरकारी इमारत कितीही मोडकळीला आलेली असो, निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय ती पाडता येत नाही. अभियंत्याची पाहणी, अहवाल, जिल्हा परिषदेची मंजुरी, मग पाडकाम. नव्या खोलीचा विषय त्याच्याही पुढे. त्या लांबलचक वाटेवर समितीच्या हातात एकच गोष्ट होती, ‘आजपासून बसवू नयेत’ हे तीन शब्द, आणि पहिल्या मसुद्यात नेमके तेच नव्हते. खर्चाचं म्हणाल तर ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेत वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान ठरलेलं आहे. त्यात खडू, झाडू, वीजबिल आणि किरकोळ डागडुजी. भिंत त्यात बसत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत समितीचा हात आणखी आखूड. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळायला हवेत. आमच्या एक बाई ऑनलाइन बदलीत गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. एकटे गुरुजी चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती असं सगळं ओढू लागले. त्यातच मतदारयादीचं काम आलं की शाळा उघडी असायची, शिकवायला कोणी नसायचं. गावाने वर्गणी काढून डी.एड. झालेली एक मुलगी ठेवली. ती मन लावून शिकवते, मुलं तिच्याभोवती असतात. पण मला या सोयीची भीती वाटते. वर्ग चालू आहे म्हटलं की वरची निकड संपते, आणि सरकारने भरायची जागा गरीब माणसांच्या खिशातून कायमची भरली जाते. त्या मुलीलाही ना पगाराची हमी, ना सेवेची नोंद. म्हणून तिच्या मानधनाच्या ठरावातच एक ओळ घालायचा मी आग्रह धरला, की ही व्यवस्था तात्पुरती असून शिक्षकाचे पद रिक्तच आहे. अध्यक्षांना ती ओळ उगाच भांडण काढणारी वाटली. बरीच चर्चा होऊन ती राहिली.

काय शिकवायचं हे समितीला कोणी विचारत नाही. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला. १६ एप्रिलच्या निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हिंदी सक्तीची केली. १७ जूनला सुधारणा आली, की हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर इयत्तेतल्या किमान २० मुलांनी मागणी करावी. सगळ्या इयत्ता मिळून चाळीस मुलं असलेल्या शाळेत एका इयत्तेतून वीस कुठून आणायची? २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या साऱ्या काळात आमच्या सभेत विषय होता तो मराठी वाचनाचा, कारण तिसरीतली काही मुलं जोडाक्षराशी अडत होती.

सर्वांत जास्त वेळ आम्ही सुरक्षेवर घालवला आणि तो सार्थकी लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर झालेला अत्याचार उघडकीला आला. त्यानंतर सरकारने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सखी सावित्री समिती या सगळ्याबद्दल पुन्हा बजावलं. आमच्याकडे कॅमेऱ्याआधी प्रश्न विजेचा, बिल थकून जोडणी तुटलेली. तक्रारपेटी मात्र होती, गुरुजींच्या टेबलामागे, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी समितीच्या सदस्य नाहीत, पाण्याचा तांब्या ठेवायला आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पहिलीतल्या पोरीचा हात तिथं पोचतो व्हय? आणि गुरुजींसमोर कोण चिठ्ठी टाकंल?” पेटी हातभर खाली आणि व्हरांड्याच्या टोकाला गेली. ज्यांना लिहिता येत नाही त्या मुलांनी कोणाला सांगायचं, हाही विषय निघाला. मुलांनाच विचारलं. बहुतेकांनी मावशींचं नाव घेतलं.

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, हे त्याच दिवशी कळलं. किती दिवस नव्हती कोण जाणे. मुली जोडीने जात आणि एक बाहेर उभी राहत असे.

एका मुद्द्यावर मतं फाटली. काही वडिलांचं म्हणणं असं, की अत्याचाराचा प्रकार घडलाच तर आधी समितीपुढे येऊ द्यावा, पोरीची बदनामी व्हायला नको. गुरुजी एरवी मवाळ माणूस, पण इथे हलले नाहीत. पॉक्सो कायद्यात माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, समितीला मिटवामिटवीचा अधिकार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तसा ठराव झाला. तो आम्ही शब्दन् शब्द वाचून घेतला, त्यात १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक घातला आणि तो आकडा व्हरांड्याच्या भिंतीवर रंगवून घ्यायचं ठरवलं.

आता प्रत्येक सभेचा पहिला विषय मागील ठरावांवरील कार्यवाही हाच असतो. कडी बसली आहे, तिसरी-चौथी समाजमंदिरात भरते, निर्लेखनाच्या प्रस्तावाची पाहणी झाली आहे. शिक्षकाची जागा रिकामी आहे. त्याचं स्मरणपत्र गेलं, आणि त्यावर पोच घेऊन यायचं काम या खेपेस दोन आयांनी अंगावर घेतलं आहे.