फेब्रुवारीत फुलांनी लगडलेलं झाड एप्रिलमध्ये का मरतं? नर्सरीत जाण्याआधी एवढं समजून घ्या

जानेवारीचा शेवटचा आठवडा आला की पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. बाहेर पडणाऱ्यांच्या हातात पिटुनिया, डेलिया, शेवंतीच्या कुंड्या असतात आणि रिक्षात त्या मांडीवर घेऊन माणसं घरी निघतात. थोड्या दिवसांच्या फरकानं मुंबईत राणीच्या बागेत महापालिकेचं प्रदर्शन असतं. रील्स पडतात, गॅलरी सजते. एप्रिलच्या मध्यावर त्याच गॅलरीत चार वाळक्या काड्या आणि रिकाम्या कुंड्या उरतात.

मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "आपल्या हाताला गुणच नाही." अनेक जण यानंतर बागकामाचा नाद सोडून देतात. खरं तर यातली बरीच झाडं घरी येण्याआधीच अडचणीत असतात. काहींचं आयुष्य संपत आलेलं असतं, काही हजारभर किलोमीटरचा प्रवास करून आलेली असतात आणि जवळपास सगळीच चुकीच्या महिन्यात विकत घेतलेली असतात.

त्यांचा वसंत वेगळा, आपला वेगळा

यूट्यूबवर बागकामाचे व्हिडिओ बघितले की 'स्प्रिंग आला, झाडं लावा' हे हमखास ऐकायला मिळतं. ब्रिटनमध्ये ते बरोबरच आहे. तिथे हिवाळ्यात दव गोठतं, नाजूक रोपं मरतात. त्यामुळे थंडी पूर्ण सरेपर्यंत लोक थांबतात आणि मग नर्सऱ्यांवर तुटून पडतात. लंडनचा प्रसिद्ध चेल्सी फ्लॉवर शो मे महिन्यात असतो. तिथल्या झाडापुढे त्यानंतर मोठ्या दिवसांचा सौम्य उन्हाळा असतो.

आपल्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. फेब्रुवारीत आणलेल्या रोपाला जेमतेम पाच-सहा आठवडे बरे मिळतात. पुढे पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, विदर्भात तर पंचेचाळीसच्या आसपास जातो. नव्या कुंडीत मूळ धरायच्या आतच झाडाची वर्षातली सगळ्यात कठीण परीक्षा सुरू होते. झाडं लावायचा आपला खरा हंगाम जूनमध्ये पावसाबरोबर येतो. मग प्रदर्शनं आणि सेल जानेवारी-फेब्रुवारीत का? कारण फुलं तेव्हा दिसतात. विकायला तोच काळ सोयीचा.

फुललेलं म्हणजे तरुण नव्हे

पिटुनिया, पॅन्झी, डायंथस, फ्लॉक्स यांना नर्सरीवाले 'सीझनल' म्हणतात. ही एका हंगामाची झाडं. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचं बी पेरलं जातं, डिसेंबरपासून फुलं येतात आणि ऊन वाढलं की खेळ संपतो. फेब्रुवारीत तुम्ही जे भरगच्च फुललेलं पिटुनिया घेता, ते आपलं निम्म्याहून जास्त आयुष्य जगून झालेलं असतं. मार्चअखेर ते गेलं तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. महिनाभराचा पुष्पगुच्छ समजून घेतलं तर सौदा वाईटही नाही. फक्त विकणारा हे सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

शेवंतीची गोष्ट थोडी वेगळी. ती बहुवर्षायू आहे, पण तिला कळ्या धरायला लांब रात्री लागतात. दिवस मोठा होत गेला की ती फुलायचं थांबते. फुलं संपल्यावर तिला छाटून सावलीत जगवलं तर पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा फुलते. लाल पानांच्या पॉइन्सेटियाचंही तसंच. लोक मात्र मे महिन्यात 'फुलं का येत नाहीत' म्हणून खत ओतत बसतात आणि त्या खतानंच झाड जातं.

झाड आलं कुठून?

कोपऱ्यावरच्या नर्सरीत दिसणारं प्रत्येक झाड तिथेच वाढलेलं असतं, हा मोठा गैरसमज. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या पट्ट्यात मोठमोठ्या नर्सऱ्या आहेत. शहरातले अनेक विक्रेते तिथून माल उचलतात. त्याहून मोठं नाव म्हणजे आंध्र प्रदेशातलं कडियम. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, राजमहेंद्रवरमजवळ, हा शेकडो नर्सऱ्यांचा भाग आहे आणि तिथून देशभर ट्रक जातात. नाशिकला उगम पावणारी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथली जास्वंद पुन्हा नाशिकच्या गॅलरीत येऊ शकते!

या प्रवासाचे दोन परिणाम तुमच्या कुंडीत दिसतात.

पहिला मातीचा. ट्रकमध्ये मुळं उघडी पडू नयेत म्हणून लांबून येणारी बरीच रोपं चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. प्रवासापुरतं ते उत्तम. पण हा गोळा तसाच मोठ्या कुंडीत ठेवून भोवती भुसभुशीत माती भरली की घोटाळा होतो. पाणी सैल मातीतून झरझर खाली जातं, तळातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड प्यायलं. आतला गोळा कोरडाच. कोकोपीटमधल्या रोपांनाही हा त्रास होतो, कारण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी सहज धरत नाही. दोन्हींवर उपाय एकच. कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायची आणि बुडबुडे थांबले की काढायची. गोळा फारच घट्ट असेल तर कुंडी बदलताना तो पाण्यात भिजवून बाहेरचा थर हलक्या हातानं सैल करायचा. तोडून, झटकून पूर्ण माती काढायची नाही, कारण पाणी शोषणारी बारीक केसासारखी मुळं त्यातच तुटतात.

दुसरा परिणाम उन्हाचा. नर्सरीतली अनेक झाडं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. सावलीत तयार झालेलं पान पातळ आणि मोठं असतं. ते झाड घरी आणून पश्चिमेच्या गॅलरीत ठेवलं की दोन दिवसांत पानांवर पांढरट-तपकिरी डाग पडतात. लोक हा रोग समजून औषध फवारतात. तो उन्हाचा चटका असतो. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, उन्हाला सरावलेली पानं नव्यानंच यावी लागतात. म्हणून नवं झाड पहिले आठ-दहा दिवस उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवायचं, मग सकाळचं ऊन द्यायचं, आणि दुपारचं ऊन त्या झाडाला मानवत असेल तरच.

घेताना नजर कुठे हवी?

फुलांवर तर नकोच. दोन सारखी झाडं समोर असतील तर कमी फुललेलं, भरपूर कळ्यांचं आणि बुडापासून फांद्या फुटलेलं झाड घ्या. मग पान उलटं करून बघा. देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, जास्वंदीवर हमखास भेटणारा पाहुणा. बारीक जाळं आणि पानावर फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. असं एक झाड घरी आलं की महिनाभरात सगळी गॅलरी त्याच्या ताब्यात जाते. म्हणूनच वरवर निरोगी दिसणारं झाडही दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं.

त्यानंतर कुंडीचा तळ. छिद्रातून एखाद-दुसरं पांढरं मूळ डोकावत असेल तर छान. मुळांचा जाड गुंता बाहेर आला असेल तर झाड फार दिवस त्याच कुंडीत अडकलंय. उलट खोड हळूच हलवल्यावर सगळं रोप डुगडुगत असेल तर ते नुकतंच मोठ्या कुंडीत हलवलेलं असण्याची शक्यता जास्त. लहान पिशवीतलं रोप मोठ्या कुंडीत गेलं की किंमत लगेच वाढते, मुळं मात्र तेवढीच असतात.

कॅक्टसच्या टेबलावर जरा जास्तच सावध राहा. इवल्याशा कॅक्टसवर कायम उमललेलं, हात लावल्यावर कागदासारखं कुरकुरणारं फूल दिसलं तर ते बहुधा गोंदानं चिकटवलेलं वाळकं फूल असतं. निळेजांभळे चकचकीत सक्युलंट रंगवलेले असतात. लाल-पिवळा गोळा डोक्यावर असलेला 'मून कॅक्टस' मात्र खोटा नाही. त्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो स्वतःचं अन्न बनवू शकत नाही आणि खालच्या हिरव्या कॅक्टसवर कलम करून जगवला जातो. ही जोडी सहसा फार वर्षं टिकत नाही.

आंबा, चिकू असं फळझाड घ्यायचं असेल तर खोडावर कलमाचा जोड दिसलाच पाहिजे. तिथे खोडाची जाडी किंवा साल किंचित वेगळी असते. जोड नसलेलं 'हापूसचं रोप' म्हणजे कोयीपासून उगवलेलं झाड, त्याला हापूसच लागेल याची हमी नाही. जोडाखालून येणारे फुटवे काढून टाकायचे, नाहीतर वरचं कलम मागे पडतं. गुलाबालाही हाच नियम. आणि हो, फळझाडांच्या नर्सऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परवाना लागतो. हातगाडीवाल्याकडून तुळस खुशाल घ्या. दहा वर्षं वाट बघायला लावणारा आंबा घेताना परवाना विचारलेला बरा, आणि घ्यायचाही जूनमध्येच.

मग या दिवसांत घ्यायचं काय?

उन्हाळा आवडणारी झाडं. मोगरा तर याच दिवसांसाठी आहे. फेब्रुवारीत कळ्या नसलेला, छाटलेला मोगरा घेतला तरी मार्च-एप्रिलमध्ये तो फुलतो. त्याला ऊन हवंच. अडेनियम, बोगनवेल, सदाफुली, आणि कुंडीत गालिचा पसरणारा ऑफिस टाइम, हेही तापलेल्या गॅलरीत टिकतात. बोगनवेलीला तर पाणी थोडं ताणून दिलं की फुलं जास्त येतात. अडेनियमला पाणी साचलेलं मात्र अजिबात चालत नाही.

कुंडी बदलायची असेल तर मार्चच्या सुरुवातीपर्यंत उरकून घ्या. एप्रिल-मे महिन्यात मुळांना हात न लावणं चांगलं. नवं झाड आणल्या आणल्या खत देऊ नका, नवी पालवी दिसेपर्यंत थांबा. त्यावरची उमललेली फुलं खुडून टाकली तर झाडाची ताकद मुळांकडे जाते. प्रदर्शनातून हौसेनं आणलेल्या झाडाची फुलं पहिल्याच दिवशी तोडणं जिवावर येतं, हे खरं. निदान अर्धी तरी तोडा.

पुढच्या वेळी नर्सरीत गेलात की भाव करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे झाड इथे किती दिवसांपासून आहे? आणि जाळीखाली होतं की उन्हात? जे झाड त्याच नर्सरीत महिनाभर उघड्यावर राहिलंय, ते कालच्या ट्रकमधून उतरलेल्या टवटवीत झाडापेक्षा थोडं मळकट दिसेल. तेच उचला.