खुराड्यातली मरियामाता

फोटोतल्या देवमाणसांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे आली ती वांद्र्याची सजलेली मोतमावली. अडकले मात्र आइल ऑफ वाइट बेटावरच्या एका मोलकरणीपाशी.

इतिहास थोडक्यात उरकते. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनबाईंना १८६३ च्या डिसेंबरात लेकीने कॅमेरा दिला, तेव्हा बाई ४८ वर्षांच्या होत्या. याच बेटावरच्या फ्रेशवॉटर गावातल्या घरी कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली, काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. कोंबड्या गेल्या, टेनिसनसारखे कवी येऊन बसू लागले.

पाहुणे आले तसे गेले. मेरी हिलियर घरातच कामाला होती. बाईंनी तिला इतक्यांदा मरियामाता केलं, की गावात तिचं नावच 'मेरी मॅडोना' पडलं.

या फोटोंत मुकुट नाही, झगमगाट नाही. डोक्यावरून घेतलेलं वस्त्र, जवळ कुणाचं तरी लेकरू, खाली झुकलेली नजर. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा. त्याला तीन ते सात मिनिटं लागत. तेवढा वेळ मान न हलवता, पोराला हलू न देता बसून बघा! श्वासागणिक कडा विरत जातात. त्या विरलेल्या कडांतच आपल्याला पावित्र्य दिसतं. त्यात बाई चेहरा सुंदर दिसला की तिथेच थांबत, आणखी रेखीव करायच्या फंदात पडत नसत. जाणकारांनी याला गचाळपणा म्हटलं. मेरीचे फोटो पाहताना मला ते पटत नाही. १८७२ च्या 'आय वेट'मधली पंख लावलेली देवदूत मुलगी पाहून थोडं पटतं. ती सरळसरळ कंटाळलेली आहे.

धुलाईचं वेगळंच. एकेका फोटोला विहिरीचं नऊ-नऊ डबे पाणी. ते कुणी शेंदलं असेल?

एवढं करून काचा टिकेनात. १८६९ मध्ये बाई लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे गाऱ्हाणं घेऊन गेल्या: निगेटिव्हवरच्या थराला जाळीसारख्या भेगा पडताहेत. कुणी खाऱ्या हवेला दोष दिला, कुणी अपुऱ्या धुलाईला. भेगा थांबल्या नाहीत.

त्याच वर्षीच्या 'द ड्रीम'मध्येही मेरीच आहे. चित्रकार वॉट्सने त्या फोटोला 'दिव्य' अशी लेखी पावती दिली. पुढे मेरीने लग्न केलं ते वॉट्सच्या माळ्याशी.