गाडीच्या एसीचा आवाज : कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी

उन्हाळ्यात मालेगाव-भिवंडी फेऱ्या करणाऱ्या व्यापारी बांधवांची एक तक्रार ठरलेली असते. एसी लावला की आवाज येतो आणि मिस्त्री म्हणतो, कॉम्प्रेसर गेला. कॉम्प्रेसर हा एसीतला सर्वांत महाग भाग. पण प्रत्येक आवाज त्याचाच नसतो, म्हणून होकार देण्यापूर्वी थोडी तपासणी करावी असे आम्ही सुचवतो.

इंजिन चालू ठेवून बोनेट उघडावे आणि एसी चालू-बंद करीत ऐकावे. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्यावा. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची पुली इंजिनबरोबर सतत फिरते. आतला कॉम्प्रेसर मात्र क्लचने पकड घेतली तरच फिरतो. (काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, तेथे ही कसोटी चालत नाही.) पण डायनामोचे बेअरिंगही असेच ओरडते. तेव्हा इंजिन बंद करून पट्टा उतरवायला सांगावे आणि एकेक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर हाताला लागते. यंत्रमागवाल्यांना हे वेगळे सांगायला नको! अनेक गाड्यांत हे बेअरिंग गॅस न काढता बदलता येते. दुर्लक्ष केले तर मात्र ते जाम होऊन पट्टा तुटतो आणि गाडी घाटात उभी राहते.

एसी लावताच किंचाळी आली तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झालेला असतो. फक्त एसी चालू असताना ठोके पडत असतील तर आधी कॉम्प्रेसरचे बोल्ट घट्ट आहेत का पाहावे. ते ठीक असतील तरच बिघाड आतला समजावा. डॅशबोर्डमागची खडखड बहुधा ब्लोअरमध्ये अडकलेल्या पानाची. एसी बंद केल्यावर थोडा वेळ येणारी फुसफुस ही तर बिघाडच नव्हे.

खरी फिकीर करावी ती क्लचच्या वारंवार टक-टक आवाजाची. बहुधा गॅस कमी झालेला असतो. पुष्कळजण नुसता गॅस भरून घेतात. पण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते, गळतीत तेही जाते आणि कोरडा कॉम्प्रेसर आतून झिजतो. त्याचा लोखंडी-अल्युमिनियमचा कीस कंडेन्सरपर्यंत पोचतो. अशा वेळी पाइप साफ न करता, कंडेन्सर न तपासता आणि ड्रायर न बदलता बसवलेला नवा कॉम्प्रेसरही लवकरच त्याच आवाजाने परत येतो.