उरलेल्या लोकरीची चांदणी

बाळाचं टोपडं, मोजे, स्वेटर विणून झाले की लोकर थोडी उरतेच. तिच्यात दुसरं टोपडं होत नाही आणि टाकवतही नाही. विणणाऱ्या घरात अशा गोळ्यांची एक पिशवी हमखास सापडते. नाताळच्या झाडाला लावायची तळहाताहून लहान चांदणी मात्र पाच-सात मीटर लोकरीत होते. वजन तीनेक ग्रॅम. या चांदणीमागे दोन इतिहास आहेत: एक झाडाच्या सजावटीचा आणि दुसरा क्रोशे विणणाऱ्या बायकांचा. मला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो.

आधी झाडाबद्दल. स्ट्रासबुर्ग शहरातल्या १६०५ च्या एका नोंदीत लोक दिवाणखान्यात फरचं झाड उभं करतात आणि त्यावर कागदी गुलाब, सफरचंदं, साखरेचे जिन्नस टांगतात, असं वर्णन आहे. म्हणजे सजावटीची सुरुवात घरात असलेल्या आणि हातांनी होणाऱ्या वस्तूंनीच झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा या गावात काचेचे फुगे फुंकले जाऊ लागले. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि ही प्रथा इंग्लंडमध्ये घरोघरी गेली. आपल्या कोकणपट्टीत फर नाही. वसईत आणि गोव्यात सुरूच्या फांदीवर भागतं.

नेमक्या त्याच वर्षांत शेजारच्या आयर्लंडमध्ये क्रोशेला वेगळंच मोल आलं होतं. १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं, उपासमार झाली, लाखो माणसं मेली. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकमधल्या अर्सुलाइन संघाच्या ख्रिस्ती जोगिणी मुलींना क्रोशे शिकवत होत्या. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावात कॅसांड्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने १८४७ मध्ये क्रोशेचं काम सुरू केलं. हे काम वाटून होई. कुणी गुलाब विणायची, कुणी पानं, आणि शेवटी सगळे तुकडे जाळीत जोडले जायचे. एक बारीक सुई आणि सुती दोरा एवढ्या भांडवलावर कित्येक चुली पेटत्या राहिल्या.

क्रोशे आपल्या देशात पसरलं ते मुख्यतः मिशनरी बायकांमुळे. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नरसापूर परिसरात स्कॉटिश मिशनऱ्यांनी शिकवलेली लेस पुढे परदेशी बाजारात गेली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. घरचं सगळं आवरून या बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत, पण कामगार म्हणून त्यांची गणतीच नव्हती. ‘फावल्या वेळातलं काम’ असं म्हणून किमान वेतनाच्या कितीतरी खाली मजुरी दिली जाई आणि नफा व्यापारी-निर्यातदारांकडे राही. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, हे चांगलंच झालं. दामही त्याच्या जोडीने वाढायला हवा.

कारण खरं क्रोशे कारखान्यातल्या यंत्रांवर होत नाही. स्वेटरचं विणकाम यंत्र करतं, कारण तिथे सगळे टाके ओळीने सुयांवर उभे असतात. क्रोशात मात्र एका वेळी एकच टाका सुईवर असतो आणि सुई आधीच्या विणीत हवी तिथे, हवी तशी खुपसावी लागते. ‘क्रोशे मशीन’ नावाची यंत्रं कारखान्यांत असतात, पण त्यांची वीण निराळी. दुकानात खऱ्या क्रोशाची चांदणी दिसली, की ती कुणीतरी बसून विणलेली आहे, हे नक्की.

विणायला ती अवघड नाही. (साखळी आणि खांब ही क्रोशेतल्या टाक्यांची नावं.) सहा साखळ्यांचं कडं करावं. त्यात बारा खांब घालावेत. पहिल्या खांबाच्या जागी तीन साखळ्या. दुसऱ्या फेरीत एका खांबावर मुका खांब आणि पुढच्यावर एकाच घरात अर्धा खांब, पूर्ण खांब, दोन साखळ्या, पूर्ण खांब, अर्धा खांब. असं सहा वेळा केलं की सहा टोकं येतात. बर्फाच्या कणालाही सहाच बाजू असतात, म्हणून पांढऱ्या दोऱ्याची चांदणी थेट हिमकणासारखी दिसते.

या साऱ्याच्या मुळाशी मोजणी आहे. गोल सपाट राहायला मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवावे लागतात, पूर्ण खांबांच्या फेरीत बारा. वाढवणं थांबवलं की वीण वाटीसारखी वळते. सहा, बारा, अठरा मुके खांब करून पुढच्या चार-पाच फेऱ्या न वाढवता घातल्या आणि शेवटच्या फेरीत प्रत्येक घरात दोन टाके घेतले, की घंटा तयार. गरजेहून जास्त वाढवलं तर झालर पडते. कॉर्नेल विद्यापीठात डाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये याच युक्तीने हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा वळणारा, पृष्ठभाग विणून दाखवला. तोवर तो विद्यार्थ्यांना हातात घेता येईल असा करणं फार जिकिरीचं होतं.

ताठपणासाठी सुती दोरा घ्यावा; अॅक्रिलिक लोकर खळ नीट पीत नाही. चांदणी साबुदाण्याच्या खळीत बुडवून हलकी पिळावी, थर्माकोलवर प्लास्टिकचा कागद घालून प्रत्येक टोक टाचणीने ताणावं आणि रात्रभर वाळू द्यावं. जुन्या पद्धतीत साखरेचं पाणी वापरत, पण आपल्या दमट हवेत ते चिकट राहतं आणि मुंग्या येतात. अॅक्रिलिकच्या चांदण्या खळीविनाच लावाव्यात. मेणबत्तीपासून लांब, कारण ही लोकर वितळते.

सरावलेल्या हातालाही एका चांदणीला वेळ लागतो, नवख्याला त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येकाने एक तरी विणून पाहावी असं मला मनापासून वाटतं. मान अवघडते, बोटं दुखतात, आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अशाच चांदणीची मजुरी किती असेल, हा हिशोब आपोआप मनात सुरू होतो. घरातल्या पिशवीतली लोकर आपण हौसेने वापरावी; पण विकत घ्यायची वेळ आली, तर विणणारीने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा.