आधी नस बधिर, मग ऑपरेशनचा विचार

आज आपण पोटदुखीबद्दल बोलू. दोन घास पोटात गेले की थोड्या वेळात बेंबीच्या वर कळ येते, मग बाई भाकरी अर्ध्यावर टाकून उठते आणि महिन्या-दोन महिन्यांत अंगावरचे कपडे सैल होतात. कुणी म्हणतं पित्त, कुणी म्हणतं मनाचं आहे. माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत अशी एखादी बाई आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात असते.

अशा दुखण्याचं कारण बहुतेकदा जठराचा व्रण किंवा पित्ताशयातले खडे असं काही निघतं. म्हणून आधी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी करावी. त्यात काही सापडलं नाही आणि वजन उतरतच राहिलं, तर डॉक्टर एका दुर्मीळ कारणाकडे वळतात.

आपल्या छाती आणि पोटामध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यापाशी, कमानीसारखा चिवट पट्टा असतो. तिथेच जठराला आणि यकृताला रक्त पुरवणारी सीलिॲक धमनी निघते. काहींचा पट्टा जरा खाली असतो आणि तो धमनीवर दाबतो. धमनीभोवती मज्जातंतूंचं, म्हणजे आपण नसा म्हणतो त्यांचं, जाळं असतं. तेही चेपलं जातं. श्वास सोडला की दाब वाढतो, म्हणून डॉप्लर सोनोग्राफी करताना श्वास घ्यायला आणि सोडायला लावतात. या आजाराचं नाव मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोम. १९६३ साली फिनलंडच्या हर्योला या सर्जननी त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो पुरुषांपेक्षा बायकांत, त्यातही सडपातळ बायकांत जास्त आढळतो.

उपाय म्हणजे ऑपरेशन करून पट्टा मोकळा करणे. पण अडचण अशी, की सी.टी. स्कॅनमध्ये धमनी दबलेली दिसते अशा कितीतरी माणसांना काहीही त्रास नसतो. मग नुसत्या फोटोवरून पोट उघडायचं का?

इथे नस बधिर करण्याचं इंजेक्शन कामी येतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसंच हे. सी.टी. स्कॅन किंवा आतून केलेल्या सोनोग्राफीत पाहत पाहत त्या जाळ्यापाशी बधिर करणारं औषध सोडतात. त्याचा असर काही तासच राहतो. त्या वेळात बाईला जेवायला सांगतात. एरवी दुखणारं पोट शांत राहिलं, तर दुखणं त्या नसांचंच असावं आणि ऑपरेशनचा उपयोग होण्याचा संभव जास्त, असं समजतात. काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. अर्थात ही खूण आहे, हमी नव्हे. इंजेक्शननंतर थोडा वेळ रक्तदाब उतरू शकतो, जुलाब होऊ शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर ते आधीच सांगावं.

मैत्रिणींनो, बाईच्या पोटावर घाईने सुरी चालवण्याचे प्रकार आपल्याला नवे नाहीत. ऊसतोडणीला जाणाऱ्या बीडच्या बहिणींच्या गर्भपिशव्या काढल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. म्हणून मोठ्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला की विचारा: "डॉक्टर, दुखणं इथलंच आहे हे कशावरून? आधी तपासून पाहता येईल का?" हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

आणि आजपासून एक वही ठेवा. काय खाल्लं, किती वेळाने दुखलं, किती वेळ दुखलं, वजन किती, एवढंच लिहा. साताऱ्याला जा नाहीतर मिरजेला, ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. शौचाला काळी होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा पोट एकाएकी दगडासारखं कडक झालं, तर वहीसाठी थांबू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा.