उपस्थाता थकू नये म्हणून

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपल्या वाचकांना सांगावयास नकोत. त्यांतील तिसऱ्या पादाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. पक्षाघाताचा रुग्ण किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल बस्ती-अभ्यंगासाठी आठवडेच्या आठवडे आपल्याकडे येते. त्याला आणणारी आई, पत्नी वा भाऊ हाच त्याचा उपस्थाता. औषध, फिजिओथेरपी, शाळा, प्रमाणपत्र, अनुदान या साऱ्यांची मोट त्याला एकट्यालाच बांधावी लागते. तो थकला की आपली चिकित्साही खंडित होते.

शासनाच्या योजना आहेत. त्या वेगवेगळ्या दारांशी आहेत, हीच अडचण. म्हणून त्यांचा क्रम आपण ध्यानी ठेवावा.

पहिली पायरी दिव्यांगत्व प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्राची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करावयाचा असून प्रमाणपत्र अधिसूचित वैद्यकीय प्राधिकारीच देतो. आपल्या पत्राने ते काम होत नाही. तथापि व्याधीचा इतिहास नीट लिहून दिल्यास कुटुंबाची सोय होते.

लहान मुलांच्या बाबतीत विलंब घातक ठरतो. विकासात मागे पडलेले बालक दिसताच त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. पंचकर्माचा क्रम पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. पर्यायी चिकित्सेच्या खर्चाचाही त्यात समावेश असून त्याला स्वतंत्र मर्यादा आहे. केवळ पक्षाघात झालेल्यास ती लागू नाही. खर्च आधी करून मागाहून परतावा घ्यावयाचा असल्याने औषधी दुकानदार बंधूंनी रुग्णाच्या नावाचे, तारखेचे पक्के बिल न विसरता द्यावे. साध्या चिठ्ठीवर दिलेले औषध कुटुंबाला महाग पडते.

याच चार प्रकारांतील मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आवश्यक तेथे कायदेशीर पालकाच्या नियुक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते.

२०१६ च्या अधिनियमाचे कलम ३८ तर विशेष महत्त्वाचे. ज्याला अधिक साहाय्याची गरज आहे असा किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेला मनुष्य स्वतः, किंवा त्याच्या वतीने अन्य कोणीही व्यक्ती वा संस्था, अधिसूचित प्राधिकरणाकडे साहाय्य मागू शकते. ‘अन्य कोणीही’ यात आपणही आलो.

प्रत्येक चिकित्सालयात जिल्हा रुग्णालय, समाजकल्याण कार्यालय, शीघ्र हस्तक्षेप केंद्र व न्यासाच्या नोंदणीकृत संस्था यांचे पत्ते एका कागदावर असावेत आणि पहिल्याच भेटीत ते उपस्थात्याच्या हाती पडावेत, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.